चार गुरुवार, चार रविवार

आमच्या मजल्यावर डिसेंबरात दोन व्रतं शेजारी शेजारी चालतात. समोरच्या काकूंचे मार्गशीर्षातले गुरुवार आणि आमचे आगमनकाळातले, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. त्यांच्याकडे घट, आमच्याकडे चार मेणबत्त्यांचं रीथ, म्हणजे हिरव्या पानांचं गोल कडं. "तुमचेही चारच ना? मग झालं की!" असं काकूंनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. (त्यांचे एखाद्या वर्षी पाच होतात, तेव्हा आम्ही मागे पडतो.)

३० नोव्हेंबरला संत आंद्रियाचा सण असतो. त्याच्या सगळ्यात जवळचा रविवार तो आमचा पहिला. चर्चचं नवं वर्षही त्याच दिवशी लागतं, पण फटाका नाही की शुभेच्छा नाहीत. फादर जांभळा झगा घालतात, मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ग्लोरिया हे आनंदाचं स्तोत्र गात नाहीत. तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी रंग: अर्धी वाट सरली, जरा हसा.

जांभळ्या मेणबत्त्या आणायच्या ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून, हा विनोद आमच्या घरात दरवर्षी होतो आणि दरवर्षी मीच हसते. गुलाबी मात्र सुटी मिळत नाही. यंदा वाढदिवसाच्या केकवरची बारकी गुलाबी उभी केली आहे. तीन धिप्पाड बायकांत एक शाळकरी पोर उभी असावी तशी दिसते. रीथ मुळात आमचं कॅथलिकांचं नाहीच म्हणा. १८३९ साली हॅम्बुर्गात योहान विखर्न नावाच्या प्रॉटेस्टंट पाळकाने गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. पोरं रोज "नाताळ कधी?" म्हणून भंडावायची, म्हणे. आमच्याकडेही तोच प्रश्न असतो, फक्त तो नाताळच्या गोड कुलकुलांच्या डब्याकडे बघत विचारला जातो.

तलावपाळीजवळचं आमचं चर्च संत योहान बाप्तिस्ताचं. आगमनकाळातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी शुभवर्तमानात हाच योहान येतो, तेव्हा आम्हा ठाणेकरांना घरचा माणूस बोलतोय असं वाटतं. प्रभूची वाट तयार करा, ती सरळ करा, असं तो ओरडून सांगतो. घोडबंदर रोडने मिस्साला आलेली मंडळी तेवढ्यात एकमेकांकडे बघतात. वाट सरळ करायला किती वर्षं लागतात हे त्यांना कोणी शिकवायला नको.

माझी स्वतःची तयारी म्हणाल तर कन्फेशनची, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायची रांग मी शेवटच्या आठवड्यापर्यंत ढकलते. नाचणीच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याभोवती हिरवळ हवी म्हणून वाट्यांमध्ये माती घालून, रात्रभर भिजवलेली नाचणी पेरायची आणि वर टोपली झाकायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोऱ्यासारखे पांढरे कोंब दिसतात. उजेडात आणले की दुपारपर्यंत हिरवट होतात. एका वर्षी उत्साहाच्या भरात मी पहिल्याच आठवड्यात पेरली. पंधरा तारखेला काय रुबाब होता! आणि चोवीसच्या संध्याकाळी पाहते तर सगळी पिवळी पडून वाटीच्या काठावर मान टाकलेली. मेंढरांना चरायला वाळलेलं गवत. आई काही बोलली नाही. मॉलमध्ये नोव्हेंबरातच झाड उभं राहिलं की मला ती वाटी आठवते.

गव्हाणीतलं बाळ चोवीसच्या मध्यरात्रीपर्यंत कपाटात. तोवर गव्हाण रिकामी, आणि एक चांगलं काम केलं की तिच्यात एक काडी टाकायची, म्हणजे बाळाला अंथरूण मऊ होतं. लेकीचा हिशेब चोख आहे. परवा तिने न सांगता ताटं उचलली आणि दोन काड्या टाकल्या. "एक ताटांची. दुसरी तू ओरडलीस तरी मी ऐकून घेतलं त्याची."

माझ्या नावावर किती, ते मी मोजलेलं नाही.

काल गुरुवारचा प्रसाद घेऊन काकू आल्या. केळं माझ्या हातात ठेवलं आणि खिडकीतली टोपली बोटभर उचलून आत डोकावल्या.

"उगवली का गं?"

"नाही हो काकू. कालच पेरली."

त्यांनी टोपली हलकेच परत ठेवली.