आमची वाटचाल : पाना लावण्याआधीचे काम

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील आमच्या शेडमध्ये सुरुवातीला हायड्रॉलिक सिलिंडरच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने अवजड यंत्रांचे भाग हलवणाऱ्या नळकांड्यांच्या, दुरुस्तीचे काम होत नव्हते. वडिलांची एक लेथ, एक रेडियल ड्रिल आणि आसपासच्या कारखान्यांना बुश, पिन व शाफ्ट करून देणे एवढाच व्यवसाय होता. वडील कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेले होते. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये स्थापन केलेल्या त्या संस्थेचा त्यांना अभिमान होता आणि मायक्रोमीटर लावल्याशिवाय कोणतेही माप ते मान्य करीत नसत. पुढे छोटा उदेपूरच्या डोलोमाइट खाणींतून आणि रस्त्यांच्या कामांवरून गळके सिलिंडर येऊ लागले. बाजारात सील किट (तेल अडवणाऱ्या कड्यांचा संच) बदलून सिलिंडर परत देण्याची रीत होती, परंतु रॉडवर (आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्यावर) ओरखडा आणि ट्यूबमध्ये (बाहेरच्या नळीत) चर असेल, तर नवे सील फार काळ टिकत नाही. म्हणून आम्ही ट्यूब आतून घासून गुळगुळीत करणारे होनिंग मशीन घेतले, रॉडवर क्रोमचा कठीण थर चढवण्याचे (हार्ड क्रोमचे) काम खात्रीच्या प्लेटिंगवाल्याकडे बाहेर सोपवले आणि हळूहळू हाच मुख्य धंदा झाला.

या धंद्यातील धोक्याचा अंदाज येण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. 100 मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरमध्ये 250 बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) दाब असेल, तर पिस्टनवर (आतल्या दट्ट्यावर) सुमारे 20 टन जोर येतो आणि मोठ्या एक्स्कॅव्हेटरमध्ये दाब 350 बारच्या आसपास असतो. इंजिन बंद केले की हा जोर संपतो, असा साइटवर सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात बूम, म्हणजे मशीनचा उचलणारा हात, वर असेपर्यंत त्याचे सारे वजन सिलिंडरमध्ये अडकलेल्या तेलावर उभे असते. त्यामुळे आमचा माणूस साइटवर गेला की प्रथम बकेट आणि बूम जमिनीवर किंवा भक्कम आधारावर टेकवतो, इंजिन बंद करतो, किल्ली चालू ठेवून लिव्हर सर्व दिशांना हलवतो, टाकीतील दाब सोडतो आणि मग किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवतो. सिलिंडरवर होज बर्स्ट व्हॉल्व (नळी फुटल्यास तेल अडवणारी झडप) असेल, तर लिव्हर हलवूनही आतला दाब सुटत नाही. अशा वेळी जोडणी अगदी थोडी सैल करून, तोंड बाजूला ठेवून थांबावे लागते. गळतीची जागा बोटाने शोधण्यास आमच्याकडे सक्त मनाई आहे, त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरायचा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेले तेल त्वचेत शिरले तर वर केवळ एक ठिपका दिसतो, दुखतही फारसे नाही, आणि तरीही ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते. हे वाक्य आम्ही शेडच्या भिंतीवर मराठी, गुजराती आणि हिंदीत लिहून ठेवले आहे, कारण कारागीर तिन्ही भाषांचे आहेत.

सिलिंडर शेडमध्ये आल्यावर घाई करण्याचे प्रलोभन वाढते. अडकलेला पिस्टन कॉम्प्रेसरच्या हवेने बाहेर काढणे ही अनेक ठिकाणची सवय आहे, परंतु दाबलेली हवा पिस्टनला तोफेच्या गोळ्यासारखी फेकू शकते. आम्ही तेलाच्या हातपंपाने तो सावकाश सरकवतो. तेल दाबाखाली फारसे आकसत नाही, म्हणून पिस्टन हलताच दाब उतरतो. रॉडचा डोळा (टोकाचे पिन बसणारे कडे) वेल्ड करायचा असेल, तर सिलिंडर पूर्ण खोलून, तेल पुसून आणि पोर्ट (तेल आत-बाहेर जाण्याची तोंडे) उघडे ठेवूनच काम होते. बंद ट्यूबमधील तेलाची वाफ तापली की ट्यूब फुटते. क्रोम चढलेल्या भागावर वेल्डिंग करताना निघणारा धूर घातक असतो, म्हणून तेथील क्रोम आधी ग्राइंडिंगने काढला जातो आणि धूर व धूळ खेचणारा पंखा, मास्क यांशिवाय ते काम होत नाही. जळालेले सील उघड्या हाताने उचलू नये, कारण व्हायटॉनसारखे फ्लोरिनयुक्त रबर अतिशय तापल्यास हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होऊ शकते. आग लागलेली मशीन आली की आमचे जुने कारागीर आधी हातमोजे शोधतात, याचे मला समाधान वाटते.

आमच्या भांडवलाचा मोठा हिस्सा टेस्ट बेंचवर गेला आणि तो खर्च ग्राहकाला दिसत नाही. जुळवलेला सिलिंडर आधी कमी दाबावर काही वेळा मागेपुढे चालवून हवा काढली जाते, त्यानंतर जाड पडद्याआड नियत दाबाच्या दीडपट दाबाची चाचणी होते. चाचणीत रॉडकडील पोर्ट चुकूनही बंद राहता कामा नये. 100 मिलिमीटर बोअर आणि 70 मिलिमीटर रॉड असेल, तर दुसऱ्या बाजूने दिलेला दाब तेथे जवळजवळ दुप्पट होतो, आणि ग्लँड (रॉड जिथून बाहेर येतो ते झाकण) तेवढ्यासाठी बनवलेला नसतो.

धंद्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड निर्णय वेगळाच होता. ‘बूम बसतो आहे, जॅक बनवून द्या’ (म्हणजे बूम आपोआप खाली येतो, सिलिंडर दुरुस्त करा) अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकांपैकी अनेकांचा सिलिंडर निर्दोष असतो. दोन्ही पोर्ट नीट बंद असतील, तर पिस्टनचे सील गळूनही बूम थोडा खाली येऊन वाढलेल्या दाबावर थांबतो. तो सतत खाली येत असेल आणि बाहेर कोठे तेल दिसत नसेल, तर प्रथम कंट्रोल व्हॉल्व (लिव्हरने तेलाची दिशा बदलणारी झडप) आणि होल्डिंग व्हॉल्व (भार धरून ठेवणारी झडप) तपासले पाहिजेत. म्हणून मशीनवरच तपासणी केल्याशिवाय आम्ही असा सिलिंडर उतरवत नाही आणि तपासणीचे पैसे वेगळे घेतो. यावर काही शेठ नाराज होतात, काही दुसरीकडे जातात. क्रेनचा बूम आधार न देता हवेत ठेवून सिलिंडर काढण्याचे काम आम्ही कोणत्याही दराने स्वीकारत नाही, आणि आता तसे कोटेशनच्या पहिल्याच ओळीत छापलेले असते.