तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांसाठी काम करायचं, तर आधी काय शिकायचं?

बारावीचे निकाल लागले की मला फोन यायला लागतात. बहुतेक आयांचे, हल्ली काही वडिलांचेही. "आमच्या मुलीला लहान मुलं फार आवडतात. तिला मुलांसाठीच काहीतरी करायचंय. नीटमध्ये मार्क कमी पडले. तुम्ही जे शिकलात ते तिनं शिकलं तर चालेल का?" कधी मुली स्वतःच फोन करतात, आणि त्यांचा प्रश्न जास्त थेट असतो. "ताई, मला ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर काम करायचंय. सहा महिन्यांचा एक कोर्स आहे. करू का?"

मी मानव विकास या विषयात एमएस्सी केलं आणि तेव्हापासून पुण्यात बालविकासाच्या क्षेत्रात काम करते आहे. प्रत्येकीला वेगवेगळं सांगावं लागतं, कारण घरची परिस्थिती वेगळी, मुलीचा कल वेगळा. पण एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते, ती इथे सविस्तर लिहिते. चारचौघांसारखं वाढणारं मूल आधी नीट ओळखायला शिका. अडचणीतलं मूल त्यानंतर. आणि मुलाचं शरीर एकीकडे, मन दुसरीकडे असं शिकू नका.

आधी विषयाबद्दल थोडं. मानव विकास ही होम सायन्समधली एक शाखा आहे. होम सायन्स म्हटलं की अजूनही घरात स्वयंपाक आणि शिवणकाम एवढंच आठवतं, म्हणून सांगते : गर्भापासून म्हातारपणापर्यंत माणूस कसा घडतो, हा या शाखेचा अभ्यास. त्यात बालविकास असतो, पोषण असतं, माता-बालआरोग्य असतं, कुटुंबाचा अभ्यास असतो, संशोधनासाठी संख्याशास्त्र असतं. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते निरीक्षण. बालवाडीत, पाळणाघरात, वस्तीत बसून मुलांकडे बघायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. "मूल चिडलं होतं" असं लिहिलेलं चालत नाही. त्यानं काय केलं ते लिहायचं : ठोकळा फेकला, पाठ फिरवली, ताईचा पदर धरला. चिडलं होतं की घाबरलं होतं, हे नंतर, वही समोर ठेवून ठरवायचं. पहिल्या वर्षी मुलींना याचा कंटाळा येतो. मला हे पूर्ण शिक्षणाचं मूळ वाटतं.

का ते एका बाळावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

मोठ्या भावाच्या बोलण्याबद्दल विचारायला एक आई आणि आजी आल्या होत्या. आजीच्या मांडीवर आठ महिन्यांचं धाकटं बाळ होतं. त्याच्याबद्दल कुणाचीच काही तक्रार नव्हती. माझ्याकडे प्रशिक्षणासाठी आलेली एमएस्सीची विद्यार्थिनी त्याला खेळवत होती. तिनं खुळखुळा पुढे केला, बाळानं डाव्या हातानं घेतला. तिनं तो परत घेऊन मुद्दाम उजव्या बाजूला धरला. बाळ अख्खं अंग वळवून पुन्हा डावाच हात पुढे करायला लागलं. उजवी मूठ मिटलेली, अंगठा आत. आजी कौतुकानं म्हणाल्या, "डावखुरा होणार बघा हा, आजोबांवर गेलाय."

त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. आजारांची नावं तिनं अजून पाठ केलेली नव्हती. पण वर्षभर तिनं पाळणाघरात रांगणारी, बसणारी, वस्तू तोंडात घालणारी बाळं पाहिली होती. या वयात बाळ दोन्ही हात वापरतं, डावं-उजवं ठरायला अजून बराच अवकाश असतो, हे तिच्या डोळ्यांत बसलं होतं. वर्षाच्या आत मूल एकच हात वापरायला लागलं तर दुसऱ्या हाताला काही अडचण आहे का, हे बघावं लागतं. आम्ही बाळाला डॉक्टरांकडे पाठवलं. मेंदूच्या एका बाजूला इजा निघाली. आठव्या महिन्यात व्यायाम सुरू झाले. हेच दोन वर्षांनी लक्षात आलं असतं, तर पुढचं सगळं कितीतरी जड गेलं असतं.

म्हणून सहा महिन्यांच्या कोर्सबद्दल मला काळजी वाटते. त्यात लक्षणांची यादी मिळते, पण जिच्याशी ताडून पाहायचं ती साधी, रोजची वाढ डोळ्यांसमोर नसते. सहा-सात महिन्यांचं बाळ चुरमुरा तळव्यानं खेचून घेतं. नऊ-दहा महिन्यांचं झालं की तोच चुरमुरा अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत धरू लागतं. मधल्या दोन-तीन महिन्यांत बोटांनी ओढून घेणं, निसटणं, पुन्हा प्रयत्न करणं असे किती टप्पे असतात, हे वीस-पंचवीस बाळं पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ असेल तर शेजारच्या बाळाशी तुलना करण्याआधी त्याच्या वयातून दोन महिने वजा करावे लागतात. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत असं सुधारलेलं वय धरायचं असतं. हा एवढा हिशेब समजावून सांगितला तरी कित्येक आयांचा जीव भांड्यात पडतो.

आपल्याकडच्या लहान बाळांचा विकास तपासायला जी 'दासी' चाचणी वापरतात, ती डॉ. प्रमिला फाटक यांच्या बडोद्यातल्या कामातून उभी राहिली. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंत हालचालींचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ घटक त्यात आहेत. परदेशातले निकष जसेच्या तसे न लावता आपल्या बाळांना महिनोन्‌महिने तपासून हे मोजमाप तयार केलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. ही चाचणी करायला रीतसर प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि ते घ्यायलाच हवं.

आता आरोग्याबद्दल. "मला मुलांच्या मनाचं शिकायचंय, हे वजन-उंची कशाला?" असं काही मुली विचारतात.

वर्गात लक्ष न देणारं मूल समोर आलं की मी आधी विचारते : कान तपासले का? रक्त तपासलं का? रात्री झोप कशी आहे, घोरतो का? वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे कधीकधी पाणी साठतं. मग त्याला ऐकू येतं, पण पाण्यात बुडी मारल्यावर यावं तसं अंधूक. घरचे म्हणतात, हाक मारली तर बघत नाही, हट्टी आहे. शाळा म्हणते, चंचल आहे. कानाच्या डॉक्टरांकडे गेल्यावर खरं कारण कळतं. लोहाच्या कमतरतेचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या सुमारे ६७ टक्के मुलांत रक्तक्षय (अ‍ॅनिमिया) आढळला. म्हणजे तुमच्या हाताखालच्या बालवाडीत ती मुलं असणारच. थकलेल्या मुलाला आळशी ठरवायचं नसेल तर हे शिकावंच लागतं.

मोजमाप करणंही शिकावं लागतं. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी निजवून मोजतात. एकानं डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्यानं गुडघे हलकेच दाबून पाऊल सरळ करायचं. बाळ रडतं, आई कासावीस होते, आणि तरीही घाई करायची नसते. उभं राहून मोजलेली उंची निजवून मोजलेल्या लांबीपेक्षा साधारण ०.७ सेंटीमीटरनं कमी भरते. हे माहीत नसेल तर मुलाची वाढ थांबली म्हणून उगाच घबराट होते. वाढीच्या तक्त्यावरचा एकटा ठिपका फार काही सांगत नाही. चार-पाच ठिपक्यांची रेघ वर चालली आहे, सपाट झाली आहे की खाली वळली आहे, ते पाहायचं. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६चे तक्ते वापरतात, त्यापुढे अठरापर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५चे. या दुसऱ्या तक्त्यांच्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

पुण्यात राहून हा विषय शिकणाऱ्यांचं भाग्य हेच, की पुस्तकातलं पुष्कळसं काम इथेच झालं आहे. इथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. बायकांना दिवस जाण्याआधीपासून त्यांचा आहार, वजन, काम यांची नोंद ठेवली. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. पण या हडकुळ्या दिसणाऱ्या बाळांत वजनाच्या मानानं चरबी जास्त आणि स्नायू कमी होते. पुढे मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाची मुळं इतकी मागे जातात, हा विचार या कामानं जगापुढे ठेवला. ती बाळं आता तिशीच्या आसपास आहेत आणि अभ्यास पुढच्या पिढीपर्यंत गेला आहे. गुबगुबीत बाळ म्हणजे सुदृढ बाळ असं मानणाऱ्या घरात तुम्ही उद्या समजवायला बसाल, तेव्हा हे तुम्हाला उपयोगी पडेल.

घरातल्या माणसांशी बोलणं हा यातला निम्मा भाग आहे. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली आई सकाळी सहाला चार घरची कामं करायला निघते. वाकडमधली आई लॅपटॉप उघडून बसलेली असते. दोघींनाही "मुलाशी बोला, खेळा" एवढं सांगून भागत नाही. पहिलीला मी विचारते, पोळ्या करताना मूल कुठे असतं? तिथेच बोला, पिठाचा गोळा द्या. दुसरीला विचारते, जेवताना मोबाइल कोण लावतं? बहुतेकदा उत्तर आजी किंवा पाळणाघर यांच्यापाशी येऊन थांबतं, आणि मग त्यांना भेटावं लागतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, त्यामागे हीच जाण होती. त्यांचं काम वाचल्याशिवाय या क्षेत्रात येऊ नका, असं मी हट्टानं सांगते.

आता पालकांना हवं असलेलं, थोडक्यात. मानव विकास शिकून बालविकास केंद्र, शाळा, बालवाडी शिक्षिकांचं प्रशिक्षण, दत्तक संस्था, सामाजिक संस्था, कंपन्यांची पाळणाघरं अशा ठिकाणी काम मिळतं. ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनं बंधनकारक झाली आहे. सरकारी परीक्षा देऊन अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्य सेविका किंवा बालविकास प्रकल्प अधिकारीही होता येतं. सुरुवातीचा पगार कमी असतो, हे घरात आधीच बोलून घ्या. आणि एक नीट समजून घ्या : या पदवीवर स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा विशेष शिक्षिका होता येत नाही. त्यासाठी वेगळं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तेच करायचं असेल तर सुरुवातीपासून तो मार्ग धरा. कुणी छोट्या सर्टिफिकेटवर "थेरपिस्ट" व्हायचं आश्वासन देत असेल तर त्यांना नोंदणीबद्दल विचारा.

कॉलेजबद्दल : कर्वे रस्त्यावर एसएनडीटीचं होम सायन्स कॉलेज आहे, ते मुलींसाठी. त्या वर्षी कोणती विशेष शाखा चालू आहे, ते स्वतः जाऊन विचारा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मुलग्यांनाही प्रवेश मिळतो, आणि या क्षेत्रात मुलगे यावेत असं मला फार वाटतं. वडील त्यांच्याशी मोकळेपणानं बोलतात.

अर्ज भरण्याआधी मात्र एक करा. तुमच्या भागातल्या अंगणवाडीत महिन्याची वजनं घ्यायचा दिवस कोणता ते विचारा, ताईंची परवानगी घ्या आणि मुलीला सकाळभर तिथे मदतीला बसू द्या. मूल धरायला, आकडा लिहायला माणूस हवाच असतो. घरी आल्यावर ती काय सांगते ते ऐका. मुलं किती गोड होती एवढंच सांगितलं, तर अजून थोडं थांबा, दुसरे विषयही बघा. एक मुलगा कुणाकडेच बघत नव्हता, गेल्या महिन्यापेक्षा त्याचं वजनही कमी होतं, का असेल, असं तिनं विचारलं, तर फॉर्म भरा. मग तिलाच मला फोन करू द्या.