बंड्या गुरगुरला तेव्हा

आमच्याकडे कुत्र्याचा स्वभाव बदलला की वाडीत दोनच निदानं होतात. एक, पिसाळला. दोन, त्याला काहीतरी दिसलं. दुसऱ्यावर उपाय नारळ आणि गाऱ्हाणं, पहिल्यावर काठी. त्याचं कुठे दुखतंय का, हे कुणी विचारत नाही.

वेळणेश्वरला आमच्या घरामागे पाहुण्यांसाठी खोल्या आहेत आणि बंड्या हा तिथला बिनपगारी मॅनेजर. गाडी थांबली की हा आधी पोचणार. पोरांनी कान ओढले, अंगावर लोळण घेतली तरी ढिम्म. तोच बंड्या श्रावणात एका सकाळी सासूबाईंवर गुरगुरला. त्या नेहमीप्रमाणे डोक्यावरून हात फिरवायला वाकल्या, तर हा जागच्या जागी ताठ. तोंड फिरवलं, पण नजर हातावरच, डोळ्याचं पांढरं दिसेल इतकी तिरकी. जिभेने ओठ चाटले आणि मग घशातून आवाज आला. दुपारी तात्या कुंपणापाशी हजर. "मला बघून पण आवाज काढलान, वहिनी. बांधून घाला त्याला."

रेबीजची शंका हसण्यावारी न्यायची नाही, एवढं तात्यांचं बरोबर. रेबीज झालेल्या कुत्र्याचा आवाज बदलतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. अशा वेळी घशात हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालणारे महाभाग असतात, ते सर्वांत धोक्याचं. बंड्याची लस वेळच्या वेळी झालेली, खाणंपिणं चालू, भुंकणं तेच. तरी त्याला पडवीत वेगळा ठेवला आणि पोरांना लांब केलं. कुणाला दात लागलाच असता तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. हळद, चुना काही लावायचं नाही. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं ते खरं, पण तोवर माणसाची लस थांबवायची नसते.

दोन-तीन गोष्टी माझ्या नजरेत भरल्या. बंड्या सगळ्यांवर गुरगुरत नव्हता. डाव्या बाजूने हात आला की गुरगुरायचा. झोपायचा तो उजव्या कुशीवर, आणि मधूनच डोकं असं झटकायचा की कान फटाफट गालावर आपटायचे. लांबूनच वाकून पाहिलं तर आंबलेल्या ताकासारखा वास. ओढणीने तोंड अलगद बांधून, रिक्षात घालून गुरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली. आत सगळं लाल, कापसावर तपकिरी चिकट मळ, आणि पाळीच्या घडीत एक फुगलेली गोचीड. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे ओल तिथेच मुरते. पावसाळ्यात, त्यात समुद्रात डुंबणाऱ्या लोंबत्या कानाच्या कुत्र्याला हे हमखास. डॉक्टर म्हणाले, दुखण्यावर घरातली आयब्युप्रोफेनची गोळी अजिबात नको, कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंडं जातात.

औषधाने कान बरा झाला, गुरगुरणं मात्र लगेच नाही. हात आला की दुखतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग सासूबाईंनी उकडलेल्या अंड्याचे तुकडे घेऊन रोज पायरीवर बसायला सुरुवात केली. हात लांब असतानाच तुकडा. दुसऱ्या दिवशी हात वीतभर जवळ, तुकडा तसाच. तो मागे सरला की त्याही थांबायच्या. सुनेच्या बाबतीत एवढा संयम कधी दिसला नव्हता, असो.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला फटका मारतात ना, ते मला आता बघवत नाही. फटक्याने गुरगुरणं थांबतं, भीती आत तशीच राहते, आणि पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावतो.

दर वेळी दुखणंच असतं असंही नाही. इथे काजू-आंब्यावर माकडं उतरली की लोक पीव्हीसी पाइपात कार्बाइड घालून बार काढतात. आपल्यालाच दचकायला होतं, आणि कुत्र्याला तर आपल्याला ऐकू येत नाहीत तेही आवाज ऐकू येतात. तात्यांचीच काळी कुत्री अशा बाराच्या वेळी दावणीला होती. पळायला जागा नाही, म्हणून सोडवायला आलेल्या हाताला लागली. आमच्या वरच्या वाडीत एक कुत्रा तिन्हीसांजेनंतर पडवी सोडेना, आळशी म्हणून शिव्या खायचा. चार दिवसांनी विहिरीपाशी चिखलात बिबट्याचे ठसे दिसले.

आता समुद्रावरून आला की बंड्याचे कान आधी फडक्याने कोरडे होतात, मग त्याला घरात प्रवेश. पाहुण्यांनी "चावतो का?" विचारलं की मी सरळ सांगते, कानाला हात लावू नका, झोपेत उठवू नका, गुरगुरला तर हात मागे घ्या. गेल्या मे महिन्यात एका गृहस्थांनी विचारलं, मग असा कुत्रा पाळता कशाला? मी त्यांना कोकम सरबत दिलं. त्यांची मुलगी तोवर बंड्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसली होती, तो आपणहून येईपर्यंत.