हा बदल वर येताना झालेला नाही, हे कशावरून?

नेहमी येणारा प्रश्न असा: प्रावरणातले, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातले, खडक तिथल्या द्रवांनी आणि शिलारसाने बदलतात म्हणता, पण हातातला तुकडा तर ज्वालामुखीनेच वर आणला. मग त्यातलं पोटॅशियम वाटेत लाव्हाने दिलेलं नाही कशावरून? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे, कारण शंका रास्त आहे. अख्खा खडक दळून केलेल्या पृथक्करणाला तर ती लागू पडतेच.

प्रावरणाचा वरचा भाग पेरिडोटाइटचा: निम्म्याहून जास्त ऑलिव्हीन, मग दोन तऱ्हेचे पायरॉक्सीन (ऑर्थोपायरॉक्सीन आणि कॅल्शियमयुक्त क्लायनोपायरॉक्सीन), आणि खोलीनुसार स्पिनेल किंवा गार्नेट. पोटॅशियम, बेरियम यांना सामावून घेईल असं यात जवळपास काहीच नाही. मूळ प्रावरणात पोटॅशियम ऑक्साइड जेमतेम ०.०३ टक्के. फ्लोगोपाइट अभ्रकात मात्र ते १० टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे खडकात १ टक्का अभ्रक आला की त्याच्या एकट्याच्या वाट्यानेच ०.१ टक्का, मूळच्या तिपटीहून जास्त. हे पोटॅशियम बाहेरूनच आलेलं असणार. प्रश्न एवढाच की कधी.

एवढ्या दाबाखाली द्रव शिरतो कसा, हेही सोबत विचारलं जातं. तो कणांच्या कडांवरून पसरतो. द्रव आणि दोन कण यांच्यातला कोन ६० अंशांपेक्षा कमी असेल, तर अगदी थोडा द्रवही सलग जाळं धरतो. कार्बोनेट शिलारसाचा कोन ३० अंशांच्या आसपास, त्यामुळे तो लांब जातो. निव्वळ कार्बन डायऑक्साइडचा कोन मोठा, तो सुटे बुडबुडे होऊन अडकतो.

आता पुरावा. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या खाणी, विशेषतः बुल्टफोंटाइन, यासाठी प्रसिद्ध आहेत. तिथल्या किंबर्लाइटने, म्हणजे खोलवरून उसळलेल्या ज्वालामुखी खडकाने, आणलेल्या तुकड्यांत बदलाच्या सगळ्या पायऱ्या सापडतात: साधा गार्नेट पेरिडोटाइट, मग गार्नेटसोबत फ्लोगोपाइट, मग गार्नेट संपून नुसता फ्लोगोपाइट, आणि शेवटी त्याच्या जोडीला रिक्टेराइट नावाचं आणखी एक पोटॅशियमयुक्त खनिज. अभ्रकाला लागणारं अ‍ॅल्युमिनियम गार्नेट पुरवतो, म्हणून तो झिजत जातो.

इथेच नवखे फसतात. वर येताना गार्नेटभोवती केलिफाइट नावाची बारीक तंतुमय कड तयार होते आणि तिच्यातही अभ्रक असू शकतो. तो प्रावरणातल्या बदलाचा पुरावा नव्हे. खात्रीचा अभ्रक मिलिमीटरभर आकाराचा असतो. शेजारच्या ऑलिव्हीनशी त्याच्या सीमा सरळ असतात आणि कधी कधी खडकासोबत तोही वाकलेला दिसतो. पेरिडोटाइट आजूबाजूच्या लाव्हापेक्षा जड, म्हणून तो बुडायच्या आत वर यायचा तर प्रवास काही तासांचा किंवा दिवसांचाच. एवढ्या वेळात अशी वीण बसत नाही.

काही तुकड्यांत नवं खनिज दिसतच नाही. बदल असतो तो क्लायनोपायरॉक्सीनच्या आत, लँथनम-सिरियमसारख्या हलक्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या वाढीत. इथे काम चिकाटीचं. तुकड्याची बाहेरची सेंटिमीटरभर साल कापून टाका. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा खडकाचा पातळ काप नेहमीच्या ३० मायक्रॉनऐवजी १०० मायक्रॉनचा करा, नाहीतर मोजणीसाठी खनिजाचा ठिपका उडवणारा लेझर आरपार जातो. मायक्रोप्रोबवर (इलेक्ट्रॉनांच्या झोताने मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) आधी कॅल्शियम मोजून घ्या, तेच लेझरच्या मोजणीचं अंतर्गत प्रमाण, म्हणजे बाकीचे आकडे ज्याच्याशी ताडायचे ते माप. मग ५० मायक्रॉनच्या आसपासचा ठिपका कणाच्या गाभ्यात आणि कडेला. मोजताना बेरियमवर नजर ठेवा. क्लायनोपायरॉक्सीनमध्ये ते जवळपास नसतंच, म्हणून त्याचा संकेत मध्येच उसळला तर लेझर भेगेत किंवा काचेच्या (झटकन गोठलेल्या शिलारसाच्या) कणात घुसला समजा आणि तो भाग सोडा. कणाची कड स्पंजासारखी सच्छिद्र असेल तर ती बहुधा वर येतानाची करामत, गाभाच घ्या. १२०० अंश सेल्सिअसलाही लँथनम मिलिमीटरभर आत झिरपायला लाखो वर्षं लागतात. गाभा एकसारखा समृद्ध असेल तर दोष लाव्हावर ढकलता येत नाही.

मग हिशेब जुळवायचा. प्रत्येक खनिजाचं प्रमाण गुणिले त्यातलं मूलद्रव्य, आणि सगळ्याची बेरीज. अख्ख्या खडकात बेरियम किंवा लँथनम या बेरजेपेक्षा जास्त निघालं, तर तो जादा हिस्सा कणांच्या सीमांवर आहे आणि तो बऱ्याचदा लाव्हाचा असतो. हा हिशेब न मांडता काढलेल्या आलेखांवर माझा विश्वास नाही.

कोणता द्रव होता हेही खनिजंच सांगतात. सिलिकायुक्त शिलारस ऑलिव्हीन खाऊन ऑर्थोपायरॉक्सीन वाढवतो. कार्बोनेट शिलारस उलटं करतो: चार एन्स्टाटाइट (ऑर्थोपायरॉक्सीन) आणि एक डोलोमाइट (कार्बोनेट) यांतून एक डायोप्साइड (क्लायनोपायरॉक्सीन), दोन ऑलिव्हीन आणि दोन रेणू कार्बन डायऑक्साइड. पण शिलारस जसजसा पुढे सरकतो तसतशी त्यातली मूलद्रव्यं वेगळी होत जातात, टिपकागदावर शाईचे रंग सुटतात तशी. एकाच द्रवाच्या दोन टोकांना दोन वेगळे द्रव समजण्याची चूक त्यातूनच होते.

आपल्याकडे मुरुड-जंजिरा भागातल्या डाइकमध्ये (भेगेत शिरून गोठलेल्या शिलारसाच्या भिंतीत) प्रावरणाचे तुकडे मिळतात. तिथे आणखी एक अडचण: पाण्यामुळे ऑलिव्हीनचं सर्पेंटाइन हे दुसरं खनिज होतं, भेगांत कॅल्साइट हे कार्बोनेट बसतं. त्या कॅल्साइटला प्रावरणातलं कार्बोनेट म्हणण्याआधी ते कापाखाली भेगेला जोडलेलं आहे का ते पाहावं.

एवढं करूनही लाव्हाची शंका जात नसेल, तर लाव्हाने आणलेच नाहीत असे खडक पाहा. इटलीतल्या फिनेरोला पेरिडोटाइटचा अख्खा डोंगर भूपट्टांच्या हालचालींनी वर आला आहे आणि तो फ्लोगोपाइटने भरलेला आहे. फ्रान्सच्या पिरेनीजमधल्या लेर्झचं उदाहरण तर अधिक बोलकं. दोन्ही पायरॉक्सीन असलेल्या पेरिडोटाइटला, म्हणजे ल्हर्झोलाइटला, नाव मिळालं ते याच जागेवरून, आणि हा खडक कधीच न वितळलेलं मूळ प्रावरण मानला जाई. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामाने दाखवलं की तिथला ल्हर्झोलाइट हा आधीच रस निघून गेलेल्या हार्झबर्गाइटमध्ये (क्लायनोपायरॉक्सीन जवळपास नसलेल्या पेरिडोटाइटमध्ये) शिलारस पुन्हा मुरून झालेला आहे. दोन्ही खडकांच्या सीमा तिथे उघड्यावर दिसतात.