‘सर्वेक्षक तोंडघशी’

वृत्तपत्राच्या डेस्कवर मी परदेशी बातम्यांचा अनुवाद करते. निवडणूक निकालाच्या एका रात्री, जनमत चाचण्यांचे अंदाज चुकल्याबद्दल आलेल्या मजकुरात ‘पोलस्टर’ हा शब्द चारदा होता. चारही ठिकाणी मी ‘सर्वेक्षक’ लिहिलं आणि मथळा दिला, ‘सर्वेक्षक तोंडघशी’. पान सोडायची घाई होती, कुणी हटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. त्या जनमत चाचणीसाठी घरोघरी फिरतात. “मॅडम, आम्ही कुठे अंदाज सांगितला? प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. समोरचा अडखळला तरी उत्तर सुचवायचं नाही. ‘माहीत नाही’ म्हणाला तर तेच नोंदवायचं. दार बंद असलं तर सोयीचं म्हणून शेजारच्या घरात शिरायचं नाही, त्याच दाराशी परत यायचं. आकड्यांचं पुढे काय होतं, ते आम्हाला पेपरातच कळतं.”

माझी चूक मला तिथेच कळली. पोलस्टर म्हणजे नमुना, म्हणजे कुणाकुणाला विचारायचं ते, ठरवणारा, आलेल्या उत्तरांपैकी कुणाला किती वजन द्यायचं ते ठरवणारा आणि स्वतःच्या नावाने अंदाज जाहीर करणारा. 1948 साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीत गॅलप, रोपर आणि क्रॉसली या तिन्ही पोलस्टरांनी ड्यूई जिंकणार म्हणून सांगितलं आणि ट्रुमन निवडून आले. ते अपयश त्या तिघांच्या नावावर लागलं, दारोदार फिरलेल्यांच्या नाही. माझ्या ‘सर्वेक्षक’ने मात्र दोघांना एकाच माळेत ओवलं.

संध्याकाळभर मी शब्द धुंडाळत होते. ‘पोल’चा जुना अर्थ डोकं, आपल्या ‘शिरगणती’तलं शिर तेच. शेवटचं ‘स्टर’ ‘गँगस्टर’मधलं, त्यामुळे इंग्रजीत शब्दाला संशयाचा किंचित वास आहे. मराठीत ‘चाचणीकार’ म्हटलं की तो वास जातो, कारण ‘कार’ आपण नाटककाराला, चित्रकाराला लावतो. तरी मला तोच जवळचा वाटला. घरी येणाऱ्यांना ‘प्रश्नावली भरून घेणारे’ असं लांबलचक म्हणावं लागलं तरी चालेल. वरिष्ठ म्हणाले, “वाचकाला काय फरक पडतो?” हे वाक्य मला अजून खटकतं. फोन करणारी वाचकच होती.

खुलासा छापला गेला नाही. मी बाईंना तसं कळवलं आणि विचारलं, लोक तुम्हाला काय म्हणतात?

“सर्वेवाल्या बाई,” त्या म्हणाल्या. “म्हातारी माणसं विचारतात, शिरगणतीला आलात का?”