डेन्व्हर ते ग्रँड जंक्शन: दोन शेव्हेल आणि मागच्या ॲक्सलचा हिशेब

कोलोरॅडोतील डेन्व्हरहून ७० क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गाने ग्रँड जंक्शनपर्यंतचा, सुमारे २४५ मैलांचा प्रवास आम्ही या उन्हाळ्यात शेव्हरोले कंपनीच्या १९६९ सालच्या दोन शेव्हेल एसएस ३९६ गाड्या घेऊन केला. दोन्ही गाड्यांना चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स, बारा बोल्टचा मागचा ॲक्सल आणि २६ इंच उंचीचे टायर आहेत. माझ्या गाडीचे क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधील दातेरी चाकांची जोडी) ३.३१ चे, तर मित्राच्या गाडीचे ४.१० चे, म्हणजे चाकाच्या एका फेरीसाठी गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टला माझ्याकडे ३.३१ आणि त्याच्याकडे ४.१० फेरे घ्यावे लागतात. आधी उभा घाट आणि नंतर मोकळे पठार अशा या रस्त्यावर दोन्ही रेशोंचे गुणदोष एकाच दिवसात दिसतात.

जॉर्जटाउन हे गाव सुमारे ८,५०० फुटांवर आहे आणि तेथून पुढचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्याही वर. टर्बो नसलेले कार्ब्युरेटरचे इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावते, त्यामुळे बोगद्याच्या तोंडाशी समुद्रसपाटीवरची जवळजवळ एक तृतीयांश ताकद उरलेली नसते. येथे ४.१० ची गाडी सहज पुढे निघून जाईल, अशी मित्राची खात्री होती. त्याची गाडी टॉप गिअरमध्ये जास्त वेळ टिकली हे खरे. मला तिसरा गिअर लवकर टाकावा लागला. परंतु माझ्या एम-२० या प्रकारच्या मन्सी गिअरबॉक्सचा तिसरा गिअर १.४६ चा आहे आणि ३.३१ ला १.४६ ने गुणले की ४.८३ येतात, म्हणजे तिसऱ्या गिअरमधील माझी ओढ त्याच्या टॉप गिअरमधील ओढीपेक्षा जास्तच होती. ताशी ५५ मैलांना इंजिन मिनिटाला ३,४०० फेऱ्यांच्या आसपास फिरत राहिले आणि दोन्ही गाड्या बोगद्यात मागेपुढेच शिरल्या. घाटासाठी हातात गिअरचा दांडा असतो, त्यामुळे केवळ घाट चढायचा आहे म्हणून ४.१० बसवण्याचा सल्ला मला पटत नाही. पलीकडच्या सिल्व्हरथॉर्नच्या तीव्र उतारावरही तोच तिसरा गिअर कामी येतो. जुन्या ब्रेकांवर तो उतार सोपवू नये.

वेल पास ओलांडून ग्लेनवूड कॅन्यनमध्ये आलो, तेव्हा वेगमर्यादा ५० वर आली आणि मित्राची गाडी तेथे अगदी खुशीत होती. खरा फरक रायफल गाव मागे पडल्यावर पडला. येथे ताशी ७५ मैलांची मर्यादा आहे, रस्ता सरळ आहे आणि टॉपच्या वर गिअर नाही. माझे इंजिन सुमारे ३,२०० फेऱ्यांवर होते, त्याचे ३,९७० वर. त्याच्या गाडीत थोडा वेळ बसून पाहिले: शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावे लागत होते आणि आरशातील प्रतिबिंब थरथरून पुसट झाले होते. पेट्रोलच्या पंपावर तो माझ्यापेक्षा लवकर थांबला, हे वेगळे सांगायला नको.

हा हिशेब घरी बसून करता येतो. ताशी मैलांना रेशोने आणि ३३६ ने गुणावे आणि टायरच्या इंचांतील उंचीने भागावे. टॉप गिअर १.०० चा असेल तर इंजिनाचे मिनिटाचे फेरे मिळतात. टायरची उंची जाहिरातीतून घेऊ नये, गाडी जमिनीवर उभी असताना मोजावी, कारण २६ ऐवजी २८ इंचांचा टायर लावला की ४.१० चा रेशो ३.८१ सारखा वागू लागतो.

सिग्नलवरून झेप घेण्याची हौस असेल, तर पहिल्या गिअरचा आणि ॲक्सलचा गुणाकार पाहावा. मित्राच्या एम-२१ या दुसऱ्या मन्सी प्रकाराचा पहिला गिअर २.२० चा आहे, म्हणून ४.१० सह त्याला ९.०२ मिळतात. एम-२० चा पहिला गिअर २.५२ चा, त्याला ३.५५ चे क्राउन-पिनियन जोडले तर ८.९५ होतात. सुटण्याची चपळाई जवळजवळ तीच, पण ताशी ७० मैलांना ३,७१० ऐवजी ३,२१० फेरे. ज्याला अधूनमधून लांब जायचे आहे त्याने माझ्या मते ३.५५ वरच थांबावे. ४.१० सोडवतच नसेल, तर ०.६७ च्या ओव्हरड्राइव्हचा (टॉपच्याही वरच्या, इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या गिअरचा) २००-४आर हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्याला महामार्गावर २.७५ इतका शांत करतो. खर्च मात्र मोठा येतो.

बदल करण्यापूर्वी सध्याचा रेशो तपासावा. पॉझिट्रॅक्शन (मागच्या दोन्ही चाकांना एकत्र ओढ देणारी यंत्रणा) असेल तर मागची दोन्ही चाके उचलून भक्कम स्टँडवर गाडी टेकवावी, गिअर न्यूट्रलला ठेवावा, चाक एक फेरी फिरवावे आणि शाफ्टचे फेरे मोजावेत. बारा बोल्टच्या ॲक्सलमध्ये ३.०८ ते ३.७३ साठी एक कॅरिअर (ज्यावर क्राउन बसते तो भाग) असतो आणि ४.१० व त्यापुढच्यांसाठी दुसरा, तेव्हा ३.३१ वरून ३.५५ वर जाणे ४.१० वर जाण्यापेक्षा स्वस्त पडते. पिनियनची खोली आणि बॅकलॅश (दातांमधील मोकळी फट) जुळवणे हे अनुभवी हाताचे काम आहे. दातांवर रंग लावून उमटलेला ठसा दाखवायला सांगावे. स्पीडोमीटरचा प्लास्टिकचा छोटा गिअरही त्याच वेळी बदलून घ्यावा, नाहीतर काटा चुकीचा वेग दाखवील. नवे गिअर सुरुवातीला पंधरा-वीस मैल हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्यावेत आणि पाचशे मैलांनंतर तेल बदलावे; पॉझिट्रॅक्शन असल्यास त्या तेलात त्याचे ॲडिटिव्ह घालावे.