तुम्ही विचारलंत म्हणून: चेअरलिफ्ट कोपऱ्यावर वळते कशी?

दर हिवाळ्यात मला तो व्हिडिओ येतोच. परदेशातला बर्फाचा डोंगर, दोराला लटकलेल्या खुर्च्या वर चालल्यात, मध्येच एक शेड लागते, खुर्च्या आत शिरतात आणि बाहेर पडतात त्या भलत्याच दिशेला. खाली प्रश्न ठरलेला, सर, ताणलेला दोर सरळच राहणार ना, मग ही वळली कशी? यंदा गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत उभा होतो तर भाच्यानेही तेच विचारलं, आणि सोबतच्या एका पाहुण्यांनी वर जोडलं की सोलापूरच्या उन्हात राहून तुम्हाला कशाला हव्यात बर्फातल्या लिफ्टा. मी विषय बदलला. मी नेहमीच बदलतो, आणि लोकांना वाटतं सरांना येत नाही. येतं हो. म्हणून आज एकदाच बसून सगळं लिहितोय.

ताणलेला दोर सरळ राहतो हे बरोबरच आहे. त्याला वळवायचं तर वळणाच्या आतल्या अंगाला चाक पाहिजे आणि त्या चाकाने सगळा ताण अंगावर घ्यायला पाहिजे. समजा दोरात १० टनांचा ताण आहे. २ अंश वळवलात तर चाकांवर साधारण ३५० किलो येतात, ३० अंश वळवलात तर ५ टनांच्या वर, आणि ६० अंश वळवलात तर पुरे १० टन. पण जड काम झालं तरी ते होतं, मोठं चाक लावा, पाया भक्कम भरा. खरी गोची ताणात नाहीच. ती कुठे आहे हे मला १९९९ साली कळलं, आणि कळायची जी वेळ होती ती चुकीची होती.

डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. आदल्या वर्षी घरचे सगळे रायगडला गेलो होतो, तिथला रोपवे १९९६ला सुरू झालेला, एक पाळणा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, आणि सगळं नाकासमोर सरळ. माझ्या डोक्यात तेव्हाच आलं की आपण वळणारा करायचा. प्रोजेक्टला मी आणि माझा मित्र, दोघंच. रिपोर्टच्या पहिल्या पानावर मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेत आयडाहोमधल्या सन व्हॅलीला लागली, युनियन पॅसिफिक रेल्वेच्या जेम्स करन या इंजिनिअरने ती केळीचे घड जहाजात चढवायच्या यंत्रावरून काढली, हूक काढून खुर्ची लावली. हे सगळं खरंच आहे. फक्त त्यापुढे मी लिहिलं होतं की आम्ही तिच्या पुढची पायरी गाठली आहे.

प्लायवूडचा तळ, भंगारातली वायपरची मोटर, शिलाई मशीनच्या पुल्या, तारेच्या बारा खुर्च्या आणि नायलॉनची दोरी. दोरीचा सांधा मित्राने केला होता. खऱ्या लिफ्टच्या दोराला गाठ नसते, दोन्ही टोकांचे पदर उसवून एकमेकांत विणत न्यायचे, दोराच्या जाडीच्या १२०० पट लांब, म्हणजे ४० मिलिमीटरचा दोर असला तर सांधा ४८ मीटर होतो, कुठे सुरू झाला कुठे संपला ते हाताला कळत नाही. आमच्या दोरीला तेवढी लांबी कुठली, पण जमेल तेवढी घेऊन दोन रात्री जागून त्याने तो विणला होता, लष्कर भागातल्या त्यांच्या घरी, दिव्याखाली, दाताने पदर धरून.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक समोर उभे राहिले आणि मी बटण दाबलं. वर जाणारी खुर्ची कोपऱ्यावर आली, वळली, पुढे गेली. मला अजून आठवतंय, परीक्षक थोडे वाकले होते बघायला. मग वरच्या चाकाला वळसा घालून पहिली खुर्ची खाली यायला लागली, कोपऱ्यावर आली आणि टक्कन चाकावर आपटली, दोरी चाकावरून उडाली, मागच्या तिन्ही खुर्च्या येऊन एकमेकींत अडकल्या आणि मोटर नुसती घरघरत राहिली. आम्ही आधी चाचणी घेतली होती का? घेतली होती, पण नुसत्या दोरीची. खुर्च्या सकाळीच बसवल्या होत्या.

परीक्षकांनी विचारलं, काय झालं? आणि मी म्हणालो, सर, सांधा जाड झालाय, तिथे अडकतंय.

मी सांध्याकडे बघितलंही नव्हतं. मित्राने माझ्याकडे बघितलं, मग दोरीकडे बघितलं, आणि गप्प राहिला. पुढचे सगळे प्रश्न त्यालाच विचारले गेले, सांध्यावरच, आणि तो त त प प करत राहिला कारण त्याला आता स्वतःवरच शंका यायला लागली होती. त्याला माझ्यापेक्षा बरेच कमी मार्क मिळाले. जिन्यात तो एवढंच म्हणाला, "तू बघितलास का बे सांधा?"

संध्याकाळी मॉडेल घरी आणलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, शिक्षण सातवी. त्यांनी दोरी बोटांच्या चिमटीतून पूर्ण फिरवली, दोनदा फिरवली, आणि म्हणाले, "सांध्याला काय झालंय? झ्याक आहे की." मग खुर्ची हातात धरून म्हणाले, "पट्ट्याला बाहेरनं बक्कल असलं तर बाहेरनं पुली लावता येत नाही रे. तू कुठल्या अंगाला लटकवलास हे?"

झालं. हेच उत्तर आहे, गेली कित्येक वर्षं तुम्ही विचारताय त्याचं. लिफ्टचा दोर म्हणजे एक बंद पट्टा. खालचं आणि वरचं मोठं चाक त्याच्या आतून लागतं, म्हणून खुर्चीची पकड नेहमी बाहेरच्या अंगाला. समजा वरच्या चाकाला दोर डावीकडे वळसा घालतो. आता मध्ये डावीकडेच वळण घ्या. वर जाणारा दोर डावीकडे वळतो, चाक आतून लागतं, खुर्ची बाहेरून निघून जाते. पण त्याच कोपऱ्यावर खाली येणाऱ्या दोराला उजवीकडे वळायचं असतं, त्याचं चाक बाहेरून लावावं लागतं, म्हणजे बरोबर खुर्चीच्या वाटेत. वळण कुठल्याही बाजूला घ्या, दोनपैकी एक दोर तुम्हाला नडणारच.

व्हिडिओतल्या शेडमध्ये यावर केलेली तोड अशी की चाकापाशी खुर्ची दोरावर नसतेच. पकड स्प्रिंगची असते, शेडमध्ये शिरताना ती उघडते, खुर्ची रुळावर येते, रबरी टायरची रांग तिला सेकंदाला ५ मीटरवरून साधारण १ मीटरवर आणते आणि रुळावरूनच कोपरा पार करून देते. दोर तिकडे मोकळाच आपल्या चाकांवरून वळतो, आतून बाहेरून कसाही, त्याला आता बक्कल नाही. मग टायर खुर्चीला पुन्हा दोराच्या वेगावर नेतात आणि पकड मिटते. काही ठिकाणी दोरही दोन वेगळे असतात, खुर्ची एकावरून सुटते आणि दुसऱ्यावर बसते. ज्या साध्या लिफ्टमध्ये पकड कायमची आवळलेली असते तिथे हे जमत नाही, तिथे फार तर तिरकी चाकं लावून थोडं थोडं वळवतात.

अण्णांना हे मी खूप नंतर चित्र काढून समजावलं. त्यांनी लगेच विचारलं, "आणि परत पकडलं नाही तर?" बरोबर प्रश्न होता. पकड नीट मिटली की नाही, जोर पुरेसा आहे की नाही हे शेडमधून बाहेर पडायच्या आत तपासलं जातं, नसेल तर लिफ्ट थांबते. त्यांचं समाधान झालं नाही. त्यांचं म्हणणं, परतीचा दोर सरळ खाली सोड, तीन चाकांचा त्रिकोण कर, सगळी वळणं एकाच बाजूची, बाहेरनं पुली लागतच नाही. हे चुकीचं नाहीये. पण मग खांबांच्या दोन वेगळ्या रांगा, डोंगरावर झाडं तोडून दोन वेगळे पट्टे. मध्यंतरी बरीच वर्षं मी वर्गात सांगायचो की वळण घ्यायचंच कशाला, दोन सरळ लिफ्टा लावा, माणूस उतरेल आणि चढेल. आता तेही पटत नाही, पायात स्की घातलेल्या नवशिक्याला, लहान पोराला मध्येच उतरवून परत रांगेत उभं करायचं हे काय उत्तर झालं. पण पूर्वीच्या मला पूर्ण खोडताही येत नाही, कारण वळणाची शेड म्हणजे जवळपास एक जादा स्टेशनच, तेवढी यंत्रं, तेवढी माणसं, तेवढी देखभाल.

आणि माझ्या बाजूने एक सांगू? मी तेव्हा १९ वर्षांचा होतो, घाबरलो होतो, अण्णांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढे पैसे त्या प्लायवूडवर गेले होते. हे मी स्वतःला खूप वेळा सांगितलंय. पण तो सांधा त्या मॉडेलमधली एकमेव निर्दोष गोष्ट होती आणि मी बोट नेमकं तिच्यावर ठेवलं, हे पगाराने झाकलं जात नाही.

मित्राला मी सांगितलं, नाही असं नाही. पंधरा-सोळा वर्षांनी एका लग्नात भेटला, पंगत बसायची होती, मी बाजूला घेऊन म्हणालो की सांधा बरोबर होता, चाक माझं चुकलं होतं. तो म्हणाला, "माहितीये मला. त्याच आठवड्यात कळलं होतं." मग थोडं थांबून म्हणाला, "सरांना सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. ते परीक्षक तोवर वारले होते.